गोगलगायीची खुंटी

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्या आंब्रुशचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात डावा दुखतो म्हणालीस, त्याआधी उजवा म्हणाली होतीस. एकदा काय ते नक्की कळव, म्हणजे अंथरुणात पडल्यावर कोणत्या गुडघ्याची काळजी करायची ते मला ठरवता येईल. माझी तब्येत उत्तम आहे. (छातीत धडधडतं, पण डॉक्टर म्हणाला, धडधडायचं थांबलं तर काळजी करा. तेव्हापासून थांबलं की काय, हेच मी तपासत असतो.)

पत्राचं कारण असं, की यंदा आलुबुखारांचा मुरांबा ढवळायला मी येऊ शकणार नाही. रागावू नकोस. शाळेला माझी गरज आहे. हसलीस ना? हस. सहावीतून दप्तर टाकून रंगाऱ्याच्या हाताखाली गेलेल्या माणसाची शाळेला गरज पडते, हे मलाही अजून खरं वाटत नाही. पण आधी नीट ऐक.

आपल्या किंगाची बोरोका सोमवारी पहिलीत बसली. बसली म्हणजे बसलीच नाही, ते सांगायचंय. किंगानं तिकडे परदेशातून, ग्राझहून फोनवर मला बजावलं होतं, "बाबा, शनिवारी मी येते. तोवर पोरगी वर्गात रमली नाही, तर मी तिला इकडे घेऊन जाणार." तिथे नवराबायकोला एक खोली, हॉटेलात दोघांच्याही पाळ्या, पोरगी दिवसभर कुलपात राहणार. आणि इथे मी आणि कोंबड्या. कोंबड्यांशी मी बोलतो, पण त्या वाद घालत नाहीत, त्यामुळे बोलल्यासारखं वाटत नाही.

तर सोमवारी मी तिला शाळेत नेलं. बालवाडीत प्रत्येक पोराला नावाऐवजी एक चित्र असतं, तिची खूण गोगलगाय होती, हे तुला आठवत असेल. खुंटीवर गोगलगाय, टॉवेलवर गोगलगाय, कपावर गोगलगाय. खेळाच्या कपड्यांच्या पिशवीवर तर मीच गोगलगाय शिवली होती. (तिला तीन शिंगं झाली, ती चूक सुईची.) आता शाळेच्या ओसरीत पाहतो तर खुंट्यांवर नुसती नावं. वांदाबाई म्हणून तरुण बाई आल्या आहेत, शहरातल्या. त्यांचं म्हणणं, मुलं आता मोठी झाली, खुणा कशाला? पण अक्षरं शिकायलाच आलेल्या पोरांना ती नावं वाचता कशी येणार, हे मी मनातल्या मनात फार ठामपणे विचारलं. बोरोका पिशवी गळ्यात अडकवून उभी राहिली आणि म्हणाली, "यातली एकही माझी नाही." झालं. पिशवी टांगल्याशिवाय आत जायचं नाही, हे बालवाडीनं तिच्या हाडात मुरवलेलं. दिवसभर आम्ही दोघं ओसरीतल्या बाकावर बसलो. खडूचा वास आला की मी लहानपणासारखाच फाटकाकडे सरकत होतो, आणि मधूनमधून ती माझा हात थोपटत होती.

त्या रात्री मला झोप कसली. मंगळवारी शाळा सुटल्यावर झाडणाऱ्या बाईची पाठ वळलेली पाहून मी अग्निशामक दलाच्या फाटकाचा उरलेला लाल रंग काढला आणि तिच्या खुंटीवर गोगलगाय रंगवली. दारं-खिडक्या रंगवण्यात जन्म गेला, गोगलगायीवर हात बसलेला नव्हता, पण जमली. बुधवारी सकाळी बोरोकानं ती पाहिली, पिशवी टांगली (रंग ओला होता, पिशवीचं बूड कायमचं लाल झालं) आणि सरळ वर्गात गेली. वळूनही पाहिलं नाही. निरोपाला वर केलेला हात मी तसाच डोक्याकडे नेला आणि डोकं खाजवलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मागून झालान नावाचा पोरगा आला, बालवाडीत छत्री होती त्याची. तो म्हणाला, "हिची आहे, मग माझी कुठाय?" पाहता पाहता सगळा वर्ग ओसरीत, आणि निम्मे रडताहेत. वांदाबाई बाहेर आल्या. सरकारी भिंत खराब केल्याबद्दल काय शिक्षा असते, ते मी आठवू लागलो.

"आंब्रुशकाका, हे तुम्ही केलंत?"

मी म्हणालो, "नाही." माझ्या बाहीवर लाल रंग होता.

त्यांनी बाहीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग ज्यानं केलं त्याला सांगा, उरलेल्याही करून टाक."

दोन दिवस मी ताठ मानेनं ओसरीत बसलो. छत्री, अळंबी, घंटा, बदक. रंग एकच, त्यामुळे सगळं लाल. ढगवाली पोरगी हिरमुसली, तेव्हा मी म्हणालो, संध्याकाळचा आहे. झालान मागे उभा राहून माझी परीक्षा घेत होता, "आजोबा, दांडा वाकडा होतोय बघा." वांदाबाईंनी प्रत्येक खुणेखाली नाव ठळक लिहिलं आणि मुलं येताजाता ते बोटानं गिरवू लागली. दाराआडून त्यांचा धडा ऐकत मीही गुडघ्यावर गिरवत होतो. फाटकाकडे सरकायचं कधी थांबलं, कळलं नाही.

आणि आज शुक्रवारी बोरोका हात धरून मला खुंटीपाशी घेऊन गेली. "आजोबा, ही झाका ना आता. मला नाव वाचता येतं. गोगलगाय बाळांची असते." मी तिच्याकडे पाहिलं. ती गंभीर होती. पांढरा रंग आणून मी एक हात दिला. पण ताई, लाल रंग पांढऱ्यातून डोकावतोच, कोणत्याही रंगाऱ्याला विचार. अजून एक हात द्यावा लागेल, बहुधा दोन. मग बाकीच्या पोरांच्या खुणा आहेत. म्हणून सोमवारपासून मी शाळेत, आणि मुरांब्याला दुसरा कोणी बघ.

तुझा आज्ञाधारक
आंब्रुश

ता. क. शनिवार. किंगा येऊन गेली. पोरीनं तिला शाळेत नेऊन खुंटीपासून दाराच्या पाटीपर्यंत सगळं वाचून दाखवलं. बोरोका इथेच राहणार, ठरलं. किंगानं तिला विचारलं, शाळेत आजोबा कसे आहेत? तर म्हणाली, "ते अजून रमले नाहीत." किंगा आता म्हणते, बाबा, तुम्हीच चला ग्राझला.

आणखी ता. क. वांदाबाई फाटकाशी भेटल्या. म्हणाल्या, "काका, एकच हात पुरे. थोडी दिसू दे." सोमवारपासून मोठ्या माणसांनी फाटकाबाहेर थांबायचं, असंही म्हणाल्या, पण फार गोड शब्दांत.

शेवटचं. तेव्हा मुरांब्याला मी येतो, पुढच्या शनिवारी, बोरोकाला घेऊन. तुझ्या स्वयंपाकघरात दाराजवळची खुंटी माझी होती. तिच्यावर कोणाचं काही असेल तर काढून ठेव. बोरोका म्हणाली, गोगलगाय आता तुम्ही घ्या. रंगाचा डबा मी आणतो. वास येतो म्हणून आधीच ओरडू नकोस.