तक्त्यावरची अक्षरं

दि. ६ फेब्रुवारी

चि. लिफ्टवालीस,
आजीचे पोटभर आशीर्वाद.

तू लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करत फिरतेस आणि इथे तुझ्या आजीचं डोकं मधल्याच मजल्यावर अडकलं आहे. उठले की भिंत कलते. परवा जिन्यात पडले. कोपर सुजलं, जीभ शाबूत आहे. रक्त काढून झालं, छातीला तारा लावून झाल्या, कानात गार पाणी सोडून झालं. सगळं ठीक म्हणतात. मग मी पडते कशाने, ते मात्र कुणी सांगत नाही.

एक गंमत. एका खोलीत भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. डॉक्टरीणबाईने मला मान हलवत वाचायला सांगितलं. तुझी काकू बाहेर बसलेली. एवढ्याशा पोरीसमोर मला अक्षर येत नाही म्हणायचं जिवावर आलं. ठोकून दिलं, की अक्षरं उड्या मारतात. तिचा चेहराच उतरला. आता मेंदूत काहीतरी आहे म्हणून पाठीच्या कण्यात सुई घालणार आहेत. काकू लिहिता लिहिता डोळे वटारते आहे, पण डॉक्टरांना काही सांगायचं नाही अशी तिला मी शपथ घातली आहे. रजा काढून येऊ नकोस, रजा काही झाडाला लागत नाही.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी (हात काकूचा)

दि. ११ फेब्रुवारी

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र लिफ्टच्या मोटारीशेजारी उभ्यानेच वाचलं आणि हसू आलं नाही. दार अडकलं असताना कुणी दोर तुटला म्हणून सांगितलं, तर आम्ही दिवसभर दोरच तपासत बसतो. तुझ्या थापेमागे डॉक्टर तसेच धावत आहेत. खरं दुखणं दुसरीकडे असलं तर तिथे बघणार कोण?

काकू, हे मोठ्याने वाचा, शब्द गाळू नका, आणि शपथेचं पाप माझ्या माथी. आजी, सुई घालायच्या आधी तू स्वतः सांग. मी येऊ का?

तुझ्या मायेवरच उभी,
लिफ्टवाली

दि. १७ फेब्रुवारी

चि. लिफ्टवालीस,
आशीर्वाद.

सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावली नाही, उलट माझा हात धरला. सुई रद्द. मी चपला घालायला निघाले, तर म्हणाली की लहान पोरांसाठी चित्रांचा तक्ता असतो, तेवढा बघून जा. घर, छत्री, होडी. नुसती बसले होते तोवर सगळी धडाधड ओळखली. मग तिने मान हलवायला लावली. छत्री उडाली, घर उडालं. मान थांबवली तरी ती काही थांबेनात.

थाप मारताना जीभ कशी चुरुचुरु चालली होती, तीच थाप खरी निघाली तेव्हा वळेना. सगळं नीट दिसतंय असं मी म्हटलं. पण ती तक्त्याकडे बघतच नव्हती, माझ्या डोळ्यांकडे बघत होती.

सुई पुन्हा ठरली आहे, डोक्याचा मोठा फोटोही काढणार आहेत. उत्तर कधी मिळेल ते तिलाही ठाऊक नाही. हे ऐकून काकूचं अक्षर वाकडं झालं असेल, तिला नावं ठेवू नकोस.

तू येऊ का म्हणून विचारलं होतंस. काकू विचारते, काय लिहू. ये म्हणून लिही म्हटलं.

वाट बघणारी,
आजी