आधी तुमचा हात

३ नोव्हेंबर
मुकुटबनला पोचले. एसटीत शेजारच्या बाईंनी उतरताना दोन सीताफळं हातात कोंबली. सुरुवात गोड झाली. केंद्र म्हणजे सोयाबीनच्या गोदामाशेजारची एक खोली, आत नवंकोरं मशीन. कातडी न कापता तिच्या आतल्या पेशी पडद्यावर दिसतात. फवारणी करणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या लोकांचे हात तपासायचे आहेत. चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कॉलेजात आल्यासारखं वाटतंय. आधीच्या वर्षा मॅडम काम सोडून गेल्या, एवढंच संस्थेने सांगितलं. जास्त विचारायला हवं होतं का?

४ नोव्हेंबर
पहिल्या आल्या मैनाबाई. कापूस वेचतात, रांगेतल्या सगळ्याजणी त्यांचं ऐकतात. हात ज्यात अडकवायचा ते मशीनचं कडं पाहून त्यांनी हात पदराखाली घेतला. पीठगिरणीच्या पट्ट्यात हात घालायला सांगते का ही बाई, असं म्हणून सगळ्यांना हसवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आधी तुमचा हात ठेवा मॅडम, मंग माहा." वर्षा मॅडमही रोज तसंच करायच्या म्हणे. मला ते रास्त वाटलं. डावा हात कड्यात ठेवला. पेशी मधाच्या पोळ्यासारख्या, नीटस. तुलना चुकू नये म्हणून मनगटाच्या जरा वर, पाहिलेल्या जागेवर पेनाने खूण करून ठेवली; रोज तीच बघायची.

७ नोव्हेंबर
माझ्या हातात, अगदी खालच्या थरात, वळणदार रेषा दिसल्या. बोटाच्या टोकाला असतात तशा. मनगटाच्या वर अशा रेषा नसतात. भिंग पुसून पुन्हा पाहिलं. आहेत. बाकी सगळ्यांचे हात स्वच्छ. मीच काहीतरी चुकत असेन.

१० नोव्हेंबर
रेषा वरच्या थरात आल्यात. चित्रं जोडली तर बोटाचं अख्खं टोक तयार होतं, काचेला आतून टेकवल्यासारखं. त्यावर तिरपा वण. मैनाबाईंना विचारलं, वर्षा मॅडमच्या बोटाला काही लागलं होतं का. काच लागली होती, तिरपा वण राहिला, म्हणाल्या. मॅडमना गावातून जाताना कुणी पाहिलं नाही. चपला मात्र बरेच दिवस केंद्राच्या दारात होत्या.
संस्थेच्या डॉक्टरांना फोन केला. भिंगाचा दोष असेल, म्हणाले.

१२ नोव्हेंबर
आज सकाळी मी आधी हात ठेवला नाही. मैनाबाई कुरकुरल्या, पण त्यांनी ठेवला. त्यांच्या तळाच्या थरात त्याच रेषा. मग माझा पाहिला. स्वच्छ.

१३ नोव्हेंबर
पुन्हा माझा आधी ठेवला. रेषा माझ्याकडे परतल्या. मैनाबाईंचा हात स्वच्छ झाला. सकाळी जिचा हात पहिला, तिच्यात ते उतरतं. त्यांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

१५ नोव्हेंबर
नोकरी सोडून जावं? संस्था दुसरीला पाठवेल. तिलाही बायका हेच सांगतील, आधी तुमचा हात. आणि ती ठेवेल. मी ठेवला तसा.

१६ नोव्हेंबर
आता पाच बोटं. सगळ्यात वरचा थर. पडद्याशिवायही — खुणेखाली कातडी हलते.

१७ नोव्हेंबर, सकाळ
कडं उघडलं. हात निघत नाही. आतून धरलाय. उजव्या हाताने लिहिते आहे. मनगट दिसेनासं — पडद्यावर माझी बोटं आतल्या थरात —

मैनाबाई आल्यात. एकट्याच, रांगेच्या आधी. हात बघून जवळ आल्या. वर्षा मॅडमच्या वेळी आपल्याला यायला उशीर झाला होता, म्हणाल्या. बाही वर सारताहेत.

"तुमचा सुटत असन तं माहा ठेवू का मॅडम?"

नाही म्हणायचं. एवढंच तर म्हणायचं आहे. तोंड उघडलंय. कड्यात माझ्या हाताशेजारी थोडी जागा आहे, आणि मी सरकून ती आणखी —