दहा कोटी एक

मंगळवार, संध्याकाळ. लातूर.

डोकं अजून तापलेलंय. क्लासच्या नोट्समध्ये संचालक सरांनी ट्रिक छापलीय: सहानं भागून बाकी एक किंवा पाच उरली, की ती मूळ संख्या. साफ खोटं! तीनपेक्षा मोठ्या प्रत्येक मूळ संख्येला तशी बाकी उरते, पण तशी बाकी उरली म्हणून संख्या मूळ ठरत नाही. मला हे माहीत नव्हतं का?

आज नोट्समधलंच उदाहरण फळ्यावर लिहिलं, दहा कोटी एक. बाकी पाच, म्हणून सगळा वर्ग ओरडला, "मूळ!" रेणापूरहून एसटीनं येणारी सविता तेवढी उभी राहिली. "मॅडम, सतरानं भाग जायलाय. बाकी काहीच उरत न्हाई." दोन, तीन, पाच करत सतरापर्यंत हातानं भागून पाहिलं होतं पोरीनं!

दारातून सर म्हणाले, "लई खोलात जाऊ नका मॅडम. ट्रिक सांगा अन् पुढं चला." आणि मी, गणितात एमएस्सी केलेली मी, तिला म्हणाले, "खाली बस."

सतरा. अगदी बरोबर होतं तिचं.

वर्ग सुटताना वह्या तपासल्या. सवितानं तो भागाकार खोडरबरानं पुसून खाली लिहिलं होतं, 'मूळ संख्या'. सर शेजारीच उभे होते. मी बरोबरची खूण केली.