एड्सच्या समितीवर माझी बिनविरोध निवड

जळोची, ता. बारामती
श्रावणातला दुसरा सोमवार

तीर्थस्वरूप कौसल्यावन्संना भावजय सारजाचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? एरंडाचा पाला बांधा म्हटलं होतं, तो बांधलात की नुसता उशाशी ठेवलात? डाळिंबाला यंदा तेल्या रोग लागला नसेल अशी आशा करते. दाजींचा खोकला, सूनबाईची नोकरी, गाभण म्हैस आणि कोपऱ्यातल्या फळीवरचा माझा स्टीलचा पेला, सगळ्यांची खुशाली कळवावी. मी बरी आहे. गोळी रोज घेते. (ही ओळ कुणाला वाचून दाखवलीत तरी आता हरकत नाही. का ते पुढं कळेल.)

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तुमची सून फोन स्पीकरवर टाकते आणि तुम्ही घरभर फिरत बोलता, म्हणजे इंदापुरात तुमच्या आधी शेजारणीला कळतं. शिवाय गोष्टच तशी आहे. बोलायला गेलं की शब्द एकमेकांच्या अंगावर पडतात, लिहिताना निदान रांगेत उभे राहतात.

तुमचे भाऊ एड्सनं गेले आणि जाताना तो आजार माझ्याकडं ठेवून गेले, हे तुम्हाला, धाकट्या भावजींना आणि देवाला सोडून कुणाला ठाऊक नाही, असं मी परवापर्यंत धरून चालले होते. गावाला आपण कावीळ सांगितली. गावानं मान हलवली, पण खांदा द्यायला माणसं आली नाहीत. तेव्हाच मला समजायला हवं होतं. तुमचे भाऊ कालव्याचे पाटकरी; ज्यानं दार उचललं तरच उसाला पाणी जायचं, तो काविळीनं गेला असता तर खांद्यासाठी भांडणं झाली असती. भावजी तर सख्खे भाऊ असून ओढ्याच्या पलीकडच्या बांधावर उभे राहिले. तुम्ही अंगणापर्यंत आला होतात, ते मी विसरलेले नाही.

त्यांच्या मागं मी वाचायला शिकले, ते गोळ्यांच्या डबीवरचा कागद वाचता यावा म्हणून. कागद लवकर संपला, पण वाचायची खोड राहिली. पुड्यांचे कागद वाचून झाले, वाचनालयातली पुस्तकं झाली, आणि मग पुण्याच्या एका संस्थेच्या वृषाली नावाच्या मुलीनं सरकारचं धोरण माझ्या हातात ठेवलं. एड्सच्या बाबतीत देशाच्या सरकारनं काय काय शब्द दिलेत ते त्यात आहे. गोळ्या कधी कमी पडू दिल्या जाणार नाहीत, कुणाचं नाव उघड केलं जाणार नाही, कुणाला दवाखान्यातून, कामावरून किंवा घरातून वेगळं काढलं जाणार नाही. (सगळं 'केलं जाईल', पण कोण करणार त्याचा पत्ता नाही. आपल्या गल्लीतलं गटारही असंच कित्येक वर्षं साफ केलं जाणार आहे.) तर हे शब्द पाळले जातात का, यावर लक्ष ठेवायला संस्थेनं आमच्यासारख्या आजार असलेल्या बायामाणसांचा गट केला आणि बारामती-इंदापूर भागासाठी मला घेतलं. हे सरकारी काम नाही, वन्सं. पगार नाही, गाडी नाही. पुढच्या महिन्यात मात्र पुण्याला सभा आहे. तिथं साहेब लोकांपुढं उभं राहून आपापल्या भागाचं खरं काय ते स्वतःच्या नावानं सांगायचं आहे. मागच्या सभेत एक साहेब म्हणाले, घरातला भेदभाव आता राहिलेला नाही, राहिला असेल तर ऐकीव नको, दाखवा. मी काय दाखवणार, या काळजीत तेव्हापासून आहे.

मी हिंडले भरपूर. एका दवाखान्यात (नाव लिहीत नाही, चहा चांगला दिला त्यांनी) भेदभाव करू नका असं सांगणारा तक्ता भिंतीवर हवा होता, तो दिसेना. विचारलं तर तिथल्या बाईंनी कुलपाचं कपाट उघडून गुंडाळी दाखवली. तक्ता नवा आहे, भिंतीवर मळेल म्हणून जपून ठेवलाय म्हणाल्या. सुप्याकडं एका घरी गेले. 'तुमच्या सुनेचं ताट वेगळं ठेवता का' असं विचारणं माझ्या कामात येतं. सासू म्हणाली, "न्हाय वो बाई, आमी तसलं काय मानत न्हाय." आणि तिच्या डोक्यावरच खिळ्याला एकच ताट टांगलेलं. बाकीची रॅकमध्ये. मी वर बघितलं, तिनंही वर बघितलं. म्हणाली, "ते व्हय. ते वाळायला लावलंय." उन्हाळ्याचे दिवस होते, ताट केव्हाच वाळलं असतं. दाखवायला ताट मागावं असं मनात आलं, पण दुसऱ्याच्या घरचं ताट मी कोणत्या तोंडानं मागणार?

आता मूळ गोष्ट. इंद्रजितला, आपल्या भावजींच्या लेकाला, संस्थेतल्या माझ्या प्रशिक्षणाचा फोटो मोबाईलवर कुणीतरी पाठवला. त्यात मागच्या कापडावर आमच्या गटाचं नाव लिहिलेलं होतं. त्यानं त्यातलं 'राष्ट्रीय' वाचलं, 'धोरण' वाचलं आणि 'देखरेख' वाचायच्या आधीच फ्लेक्सवाल्याकडं गेला. मी बाजार करून रिक्षातून चौकात उतरले आणि समोर मीच. बसस्टॉपच्या छपराएवढी. खाली लाल अक्षरात: एड्सच्या राष्ट्रीय समितीवर बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक म्हणून गॉगल घातलेला इंद्रजित, त्याचे मित्र आणि ज्यांना मी ओळखत नाही असे दोन पैलवान. वन्सं, माझ्या हातातली मेथी तिथंच पडली. बारामतीत गोळ्या मिळत असताना मी इतकी वर्षं दूरच्या केंद्रावर जात होते, कुणी विचारलं तर बीपीच्या गोळ्या सांगत होते. नाव उघड होऊ नये हा शब्द पाळला जातो का, यावर लक्ष ठेवणारी मी, आणि माझंच नाव भर चौकात वाऱ्यानं फडफडत होतं.

नावाच्या मागं 'सौ.' छापलं होतं. पोराला कुणीतरी चूक दाखवली असावी, दुसऱ्या दिवशी त्यावर 'श्रीमती'ची पट्टी चिकटवली. खरं सांगते, त्या सगळ्या फ्लेक्सात तेवढं एकच अक्षर मला काढू नये असं वाटलं होतं.

घरी आले आणि दाराला कडी घातली. आता दगड येतील, निदान माणसं यायची थांबतील, असं धरून बसले. दार वाजलं. नाना होते, आपल्या मागच्या आळीचे म्हातारे, हातात हार आणि अर्ज. शेतावरचा डीपी जळालाय, महिना झाला वीज नाही. मी म्हटलं, नाना, ही समिती एड्सची आहे. नाना म्हणाले, "आसंना. दिल्लीत एक खातं दुसऱ्या खात्याच्या कानात सांगतंय की." त्यांच्या मागं रस्तावाले आले, त्यांच्या मागं बचत गटाच्या बाया. त्यांच्या हळदीकुंकवाला मी प्रमुख पाहुणी म्हणून यावं अशी विनंती होती. विधवेला हळदीकुंकवाला बोलावताय का, असं विचारलं, तर त्यांच्या अध्यक्षीण बाई म्हणाल्या, "तुमी आता पदावर हायसा." आजाराचं कुणी नाव काढलं नाही, वन्सं. लोक वाईट वागले असते तर मला सवय होती. हे असं वागतात म्हटल्यावर कुठं बघावं तेच कळेना.

आणि संध्याकाळी भावजी आले. तुमचे भाऊ गेल्यापासून ज्यांनी माझा उंबरा ओलांडला नाही ते संभाजीभावजी आत येऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "वैनी, च्या टाका." मी टाकला. त्यांनी बशीत ओतला, फुंकला आणि ते प्यायले. मग त्यांनी हळूच विचारलं, "हे पद मिळतं कसं?"

मी म्हटलं, त्याला आजार असावा लागतो, भावजी.

"म्हंजी राखीव जागा हाय म्हणा की. मग दाखला लागत आसंल. कुठं मिळतो, तहसीलला?"

रक्त तपासतात, मी म्हटलं.

"रक्ताचं बघू की. तितं आपला मानूस हाय."

वन्सं, मला हसू यावं की रडू यावं याचा निर्णय होईना, म्हणून मी खरं तेच बोलले. हा दाखला तुमच्या भावाकडं होता, भावजी. त्यांची बशी तोंडाजवळ थांबली. भिंतीवरच्या फोटोकडं त्यांनी बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता त्या दिवसाचं काही बोलतील, ओढ्याच्या पलीकडून निदान आज अलीकडं येतील. ते म्हणाले, "मग वारस म्हणून माझं नाव लागंल का?"

(त्यांचंही चुकत नाही. कारखान्याचा शेअर असाच लागतो.)

मी म्हटलं, वारस मी लागले, भावजी.

त्यांनी उरलेला चहा संपवला. बशीत थेंब ठेवला नाही. इतक्या वर्षांत गोळ्यांनी, कायद्यानं आणि माझ्या रडण्यानं जे झालं नाही ते एका फ्लेक्सनं झालं. वृषालीला फोन केला तर ती पोरगी फोनवरच कायद्याचं पुस्तक उघडून बसली. म्हणाली, ताई, संमती न घेता तुमचं नाव उघड केलं, हे कायद्यात बसत नाही, तक्रार करायची का? मी खिडकीतून बघितलं, इंद्रजित शिडीवर चढून वाऱ्यानं फाटलेला फ्लेक्स दोरीनं बांधत होता. म्हटलं, आधी त्याला खाली उतरू दे.

मग तिनं विचारलं, पुण्यात काय सांगणार? जळोचीत भेदभाव संपला म्हणायचं का? तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. कारण जळोचीत लोक माझ्याशी बोलत नाहीत, फ्लेक्सशी बोलतात. फ्लेक्स उतरला की चहा राहतो की जातो, ते मला आज सांगता येत नाही. खरं काय ते बघायचं तर जिथं फ्लेक्स पोचलेला नाही अशा घरात बघायला हवं.

असो. दाजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. गुडघ्याला पाला बांधा.

तुमची,
सारजा

ता. क. भावजींनी आजच्या फ्लेक्सवर स्वतःचा फोटो वाढवला आहे. 'मार्गदर्शक' म्हणून.

ता. क. दुसरा. एवढं लांबलचक लिहिलं ते एका मागणीसाठी, आणि ती शेवटी आली, कारण तुमच्याकडं मागायची मला सवय नाही. तुम्ही मला दर दिवाळीला धान्य दिलंत, लुगडं दिलंत, जवळ बसवलंत, आणि चहा त्या पेल्यातून दिलात. बुडाला नखाच्या लाल रंगाचा ठिपका आहे, तुम्हीच लावलेला. हरवू नये म्हणून खूण केली, असं म्हणाला होतात आणि मी हो म्हटलं होतं. तेवढा पेला येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर धाडून द्यावा. पुण्याला साहेबांपुढं टेबलावर ठेवायचा आहे. तुमचं नाव घेणार नाही. तो शब्द सरकारचा नाही, माझा आहे.

ता. क. तिसरा, आणि हा राग न धरता वाचा. इतकी वर्षं घासून घासून तो ठिपका उडाला असेल, पेला बाकीच्या पेल्यांत मिसळला असेल आणि त्यातला माझा कोणता, दाजींचा कोणता, हे तुम्हालाही ओळखू येत नसेल, तर शोधत बसू नका, वन्सं. मी मोकळ्या हातानं जाईन.