आबांचा ताप आणि करुणाची पसंती

पणदरे
८ जानेवारी १९९६

चि. डॉ. करुणा हिस,
आबांचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात तुझी इंटर्नशिप नीट चालली आहे हे वाचून बरं वाटलं. पण पुढच्या शिक्षणाच्या अर्जात तू डोळ्यांच्या आधी मेडिसिन लिहिणार, आणि तेही संसर्गाच्या रोगांत काम करायचं म्हणून, हे वाचल्यावर मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच लिहिलेलं होतं.

डोळ्यांचं काम मानाचं. बारामतीत भिगवण रस्त्याला मी दवाखान्यासाठी एक जागाही बघून ठेवली आहे. करुणा, तुझ्या पणजोबांपासून लोक आपल्यापासून लांब बसत आले. आता तू शिकून मोठी झालीस, तर ज्याच्याजवळ कुणी जात नाही त्याच्याच उशाशी जाऊन बसणार का? अर्ज महिनाअखेर द्यायचा आहे, तोवर विचार कर.

इकडे सर्व क्षेम. आपली चंद्री गाय दिवाळीनंतर सातव्या महिन्यात गाभडली, वासरू मेलेलंच पडलं. गुरांचे डॉक्टर यायला वेळ लागला, म्हणून मीच हात घालून आत अडकलेली वार काढली. निवृत्त मास्तराला तेही जमतं, हे वर्गातल्या पोरांना कळायला हवं होतं.

तुझा,
आबा (साहेबराव)

इंदापूर
१४ जानेवारी १९९६

ती. आबांस,
करुणाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही विचार कर म्हणालात, म्हणून विचार कशावरून सुरू झाला ते सांगते. गेल्या महिन्यात ऊसतोड्यांच्या तळावरून झुंबर नावाच्या गृहस्थांना आणलं. जुलाब-उलट्यांनी नाडी लागत नव्हती, बोटं सुरकुतून गेली होती. त्यांचे सोबती दारातच थांबले होते, कुणी आत येईना. दोन्ही हातांना सलाईन लावलं. तिसऱ्या तासाला त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं असेल, तर बैलांना पाणी कुणी दाखवलं. दुपारी भाकरी मागितली. दुसऱ्या दिवशी आम्ही तळावर गेलो, ज्या विहिरीचं पाणी पीत होते ती शोधली, तिच्यात पावडर टाकली. पाचव्या दिवसापासून तिथून एकही रुग्ण आला नाही.

आबा, इतकं लख्ख बरं झालेलं माणूस मी दुसऱ्या कुठल्या वॉर्डात पाहिलं नाही. उशाशी बसायचं तर अशाच्या बसावं, असं वाटतं. रागावला असाल तर तसं लिहा, पण लिहा.

तुमची,
करुणा

पणदरे
२० जानेवारी

चि. करूस,
आईचा आशीर्वाद.

ह्यांनी मला लिवाय शिकवलं, तेचा मी असा उपेग करतीया हे त्यांना कळू देऊ नगं. तुला क्षेम म्हून लिवतात, पर क्षेम न्हाय. महिना झाला, रोज दिस कलला की ताप चढतोय. घाम तर असा, सदरा पिळून वाळत घालावा लागतो. कंबर धरती, गुडघं धरत्यात. हितल्या डॉक्टरनं आधी टायफाईड म्हणलं, मग मलेरिया म्हणलं, दोन्हीची औषधं झाली. कापडं ढगळ व्हाया लागलीत. इचारलं तर वय झालं म्हणत्यात. अठ्ठावन म्हंजी काय वय हाय व्हय? तुला कळवू नगं म्हणालेत, म्हून कळवतीया.

तुझी आई,
ताईबाई

इंदापूर
३१ जानेवारी १९९६

ती. आबांस,
सविनय जयभीम.

गेल्या रविवारी मी न सांगता आले आणि तुमचं रक्त काढून नेलं, तेव्हा तुम्ही आईकडे ज्या नजरेनं पाहिलंत ती वर्गातली होती. तिला बोलू नका. पुण्याहून रिपोर्ट आला. तुम्हाला ब्रुसेला नावाच्या जंतूचा ताप आहे. गाभडलेल्या गाईच्या वारेतून तो हाताला लागतो, कच्च्या दुधातूनही येतो.

तुमच्या पत्रात गाय होती, आईच्या पत्रात ताप होता. आईचं वाचल्यावर मी तुमचं पुन्हा काढलं. तुम्हाला तपासणाऱ्यांनी पोट पाहिलं, जीभ पाहिली. गोठ्याचं कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगते, रिपोर्ट येईपर्यंत मी नुसती घाबरून होते. क्षय निघेल, की आणखी काही. नाव वाचलं आणि दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसून रडले, कारण हा बरा होणारा आजार आहे.

सहा आठवडे गोळ्या, सुरुवातीला इंजेक्शनं. मध्ये सोडायच्या नाहीत. दूध उकळूनच प्या. चंद्रीला गुरांच्या डॉक्टरांना दाखवा आणि पुन्हा उघड्या हातानं वार काढू नका.

काल अर्ज दिला. मेडिसिन पहिलं लिहिलं आहे. लोभ असू द्यावा, त्यात थोडा राग मिसळला तरी चालेल.

तुमची,
करुणा

पणदरे
२५ मार्च १९९६

चि. करुणा हिस,
जयभीम आणि आशीर्वाद.

गोळ्या संपल्या. ताप गेला त्याला महिना झाला, भूक अशी की तुझी आई भाकऱ्या मोजायचं सोडून देते. तुझा मेडिसिनला प्रवेश झाल्याचं कळलं. आता मुद्द्याचं.

शेजारच्या मळ्यातले सर्जेराव यांची थोरली सून सिंधुबाई तुला आठवत असेल, मीच तिला तुझ्याकडे धाडलं होतं. तिलाही माझाच ताप निघाला हे तूच सांगितलंस, तिची औषधं चालू आहेत. पण सात महिने ती झिजत होती, आणि संसर्ग म्हणून घरच्यांनी तिचं ताट, तांब्या वेगळा केला होता. पोरांना जवळ जाऊ देत नव्हते. काल मी मुद्दाम गेलो आणि समजावलं, की हा ताप गुरांकडून येतो, जवळ बसल्यानं किंवा ताटातून लागत नाही. सगळे हो म्हणाले. जेवायची वेळ झाली, तर तिचं ताट पुन्हा भिंतीकडे.

करुणा, त्याच घराच्या ओट्याखाली माझे वडील बसत, आणि त्यांच्या ओंजळीत वरून पाणी सोडत. मला ते सगळं दिसत होतं. मी उठलो, भिंतीकडे जाऊन सिंधुबाईशेजारी बसलो आणि तिच्या ताटातली भाकरी मोडून तिच्याच कालवणाला लावून खाल्ली. ती पदरानं तोंड झाकून बसली होती. मग सर्जेरावांनी आपलं ताट उचललं आणि आमच्या शेजारी येऊन बसले. त्यांच्यामागून पोरं आली.

तू हे काम का निवडलंस ते मला पत्रांनी पटलं नव्हतं. काल जेवताना पटलं.

तुझा,
आबा