पाठ केलेला तक्ता

प्रिय अंकुर,

लहानपणी तिवशाच्या स्टँडवर तू लांबूनच एसटीच्या पाट्या मला वाचून दाखवायचास. गेल्या वर्षी डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं मीच तुझ्याकडून पाठ करून घेतली, म्हणून बॉक्सिंगच्या तपासणीत तू पास झालास. आता डॉक्टर म्हणतात, आणखी एक ठोसा बसला तर डावा डोळा जाईल.

"ताई, काहून भेऊन राहिली? अकोल्याची फाइट शेवटचीच. तक्ता पाठ आहे मले," काल तू हसून म्हणालास. मागची फाइटही शेवटचीच होती.

हे पत्र तुला देणार नाही. डॉक्टरांचा रिपोर्ट उद्या सकाळी स्पर्धेच्या डॉक्टरांच्या हातात देईन. तुझे ग्लोव्हज तुझ्या शिष्येला, आचलला. राज्य विजेतेपदाची पदकं आईला. आणि तुझा जन्मभराचा अबोला मला.

तुझीच,
रागिणीताई
अमरावती