मार्सेल्सच्या गुत्त्यातले मास्तर

मास्तर, तुम्हाला जाऊन नऊ वर्षे झाली आणि तुमच्यावरचा राग मी त्याच्याही आधीपासून जपून ठेवला आहे. जर्मनीशी चाललेल्या लढाईसाठी सरकारने आमच्या डोंगरातून मजूर नेले, तेव्हा मला लिहितावाचता येते म्हणून हजेरी लिहायला घेतले. जव्हारपलीकडे कधी न गेलेला मी आगबोटीने फ्रान्स देशाच्या मार्सेल्स बंदरात उतरलो. वर्गातल्या नकाशावर ते निळ्या समुद्राच्या काठी टिकलीएवढे होते. त्यावर छडी टेकवून तुम्ही म्हणाला होतात, हे फार जुने बंदर, इथून दारू देशोदेशी जाते. मग माझ्याकडे पाहून म्हणालात, "तुझ्या बापाला पाठवू या का तिकडे?" वर्ग हसला. मीही हसलो, याची मला अजून लाज वाटते.

आम्ही धक्क्यावर गोण्या उतरवीत असू. पलीकडे दारूची पिंपे, भाताच्या कणगीएवढी, आडवी लावलेली असत. सरकारी शिपाई त्यांच्यावर पहारा करी, चोरी होऊ नये म्हणून. एका रविवारी सुट्टी मिळाली. आमच्याकडच्या दाभोशाचा एक वयस्क गडी होता, त्याला मी काका म्हणे. तो मला गावात घेऊन गेला. गल्ल्या अरुंद, खिडक्याखिडक्यांतून धुणे वाळत घातलेले, वर उघड्या टेकडीवर त्यांचे देऊळ. कोपऱ्यावरच्या गुत्त्यात आम्ही बसलो. मालकाने पिंपाची तोटी सोडून दोन पेले भरले. त्याच्या मागे भिंतीवर सरकारी शिक्क्याचा कागद आणि फितीला लावलेले पदक, काचेत. काकाने विचारले, ते कशाचे? पदकावरचा द्राक्षांचा घड पाहून मी म्हटले, चांगली दारू केल्याचे. काका हसून म्हणाला, "आपल्याकडं तर बेड्या देतात."

शेजारच्या मेजाशी एक मास्तर बसला होता. बाहीला खडू, पुढे पोरांच्या वह्यांचा ढीग, हातात तांबड्या शाईचा टाक, आणि कोपराशी पेला. एका वहीवर दारूचा थेंब सांडला, तो त्याने अंगठ्याने पुसला आणि पुढची ओळ तपासू लागला. मालकाने येऊन त्याचा पेला पुन्हा भरला. मला तुम्ही दिसलात, मास्तर.

तुम्ही निबंध घातला होता, 'आमच्या घरचे लग्न'. माझ्या बहिणीचे लग्न ठरले होते. बा लग्नासाठी मोहाची दारू गाळत होता. ती नसेल तर आमच्यात पितर मांडवात येत नाहीत. मी सगळे लिहिले, एकही काना चुकवला नाही. तुम्ही वर 'उत्तम' लिहिलेत, मला नवा टाक बक्षीस दिलात आणि तपासणीच्या दिवशी पाहुण्यांपुढे तो निबंध स्वतः वाचलात. मध्ये थांबून म्हणालात, "यांच्यात नवरी मागाहून येते, दारू आधी." पाहुणे हसले. त्यांत आबकारीचा कारकूनही होता, हे तुम्हाला ठाऊक होते. तिसऱ्या दिवशी शिपाई आमच्या गावी, पोशेऱ्याला आले. कोणाला न विचारता, वाट न चुकता, नाल्याकडे गेले आणि मडकी फोडून बाला बांधून घेऊन गेले. बहिणीचा मांडव जागेवर वाळला. मी तुमच्या दारात उभा राहिलो, बासाठी चार ओळी लिहून द्या म्हणालो. तुम्ही ओट्यावरून म्हणालात, "खरेच लिहिलेस ना? मग रडतोस कशाला?" दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत आलो नाही. बा सुटून आला तो खोकतच, आणि पुढच्या भातलावणीला तो नव्हता.

गुत्त्यात काकाने पेल्यात बोट बुडवून जमिनीवर चार थेंब शिंपडले आणि आपल्या मेलेल्यांची नावे घेतली. मालक पाहत राहिला, रागावला नाही. काका मला म्हणाला, "पयलं बापाचा नाव घे, मंग पी." मी बोट बुडवले. तोंड उघडले. नाव आले नाही. पेला तसाच ठेवून मी बाहेर आलो. काका दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. यानं बापाला तहानलेला ठेवला, एवढेच तो इतरांना सांगत राहिला.

हे मी तुमच्याच टाकाने लिहितो आहे, नीब बदलून. हे पाठवायला कुठला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवले नसते. कारण हसवलेत तुम्ही, वाचलेत तुम्ही, पण 'नाल्याच्या उजव्या काठी, वाकड्या जांभळीखाली, तीन दगडांची चूल' हे मी लिहिले होते. निबंधाला त्याची गरज नव्हती. बाने बजावले होते, चुलीची जागा कोणाला सांगायची नाही. मी कोणाला सांगितली नाही. 'उत्तम' हवे होते म्हणून लिहिली.